दार घेऊन ट्राममध्ये चढलेली हेट्टी

लोकांना वाटायचं, हेट्टी प्रूइट घरीही तशीच असणार. सिनेमाच्या पडद्यावर नवऱ्याच्या कोटावर एखादा सोनेरी केस दिसला की ती घर डोक्यावर घ्यायची, कपाटं उलथवायची, खिडकीतून उडी टाकून त्याला बागेपर्यंत पळवायची आणि शेवटी तळ्यात ढकलून द्यायची. रस्त्यात बायका तिला ओळखायच्या आणि विचारायच्या, "काय गं, तुझा खरा नवरा जिवंत आहे ना अजून?" हेट्टी म्हणायची, "आहे की. तुम्ही आत्ता उतरलात ती ट्राम तोच चालवत होता."

खरा प्रकार उलटा होता. हेट्टीने जन्मात कधी कुणाचा खिसा तपासला नाही. संशय घ्यायचा तो तिचा नवरा, ऑरिन.

मी इडा. हेट्टीचे सिनेमे निघायचे त्याच स्टुडिओत कपडे शिवायचे, फाटलेले सांधायचे आणि नटांच्या मिशा चिकटवायचे. लॉस एंजेलिसच्या कडेला, एडेनडेलच्या टेकडीखाली आमची पेलिकन कॉमेडी कंपनी होती. कंपनी म्हणजे एक मोठा लाकडी चौथरा, त्यावर तीन भिंतींच्या खोल्या आणि डोक्यावर उन्हाची धार बोथट करायला ताणलेलं पांढरं कापड. युरोपात लढाई पेटली त्या सुमाराचं सांगतेय. आठवड्याला एक तरी सिनेमा निघायचा आणि प्रत्येक सिनेमात नवरा, बायको, शेजारीण, बाग आणि पोलीस असायचेच. कोण कुणाच्या मागे पळतंय एवढंच काय ते बदलायचं.

हेट्टी तिथे नटी म्हणून आलीच नव्हती. ती आमची धोबीण. कॅन्ससकडची शेतकऱ्याची पोर, अंगाने दणकट, दंड एखाद्या हमालासारखे. आपल्या घरामागच्या अंगणात तांब्याचा हंडा चुलीवर चढवून ती आमचे कपडे उकळायची. कपडे कसले, पीठ, चुना, चिखल आणि मलई यांचा लगदाच असायचा तो. एकदा ती धुतलेल्या शर्टांचं गाठोडं घेऊन आली. आमचा बारकुळा विनोदी नट ऑगी बीम, त्याने वरचाच पांढराशुभ्र शर्ट काढून अंगात घातला, आणि हेट्टी गाठोड्याची गाठ मारते न मारते तोच कुणीतरी त्याच्या छातीवर मलईचा केक फेकून मारला. चित्रीकरण चालू होतं. हेट्टीला त्याचं काय? ती तरातरा चौथऱ्यावर चढली, ऑगीची कॉलर धरली आणि त्याला अस्सा वर उचलला की त्याचे पाय लोंबायला लागले.

"कालपासून घासतेय मी हा! कालपासून! चाटून साफ कर आता!"

ऑगीने घाबरून खरंच कॉलर चाटली.

आमचे दिग्दर्शक मिस्टर गिलफॉइल खुर्चीवरून खाली पडायचे बाकी होते. "हँडल फिरवत राहा!" एवढंच ते कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवणाऱ्या सायरसला ओरडत होते. गिलफॉइलांचा तो मंत्रच होता. आग लागो, भिंत पडो, नटाचा पाय मोडो, हँडल फिरलं पाहिजे. ते दृश्य तसंच सिनेमात गेलं आणि त्या दिवसापासून हेट्टी पडद्यावर ऑगीची बायको झाली.

ऑरिन दिसायला देखणा होता. उंच, सडपातळ, बोलणं कमी. ट्रामच्या गणवेशात उभा राहिला की बायका एक गाडी सोडून त्याच्या गाडीची वाट बघायच्या. स्टुडिओतल्या पोरी म्हणायच्या, "असल्या माणसाला कसला संशय? तो तिच्यावर? उलट असायला हवं." मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग लक्षात आलं, हेट्टी जाडी आहे, तिच्या हातांना सोड्याने भेगा पडल्यात, हे त्याला दिसतच नव्हतं. आपल्याला ती जशी दिसते तशीच सगळ्या जगाला दिसते, असं तो धरून चालायचा. आणि म्हणून सगळं जग तिच्या मागे लागलंय, असंही. बर्फवाला बर्फ ठेवायला इतका वेळ का लावतो? पाद्रीसाहेबांनी हात मिळवला तो दोन्ही हातांनी का? दाताच्या डॉक्टरने तिच्या तोंडात इतकं काय बघितलं? हे सगळं तो लग्न झाल्यापासून विचारत आला होता. मारहाण कधी केली नाही त्याने. पण रोज घरी आल्यावर झडती. माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, असं त्याचं ठाम मत होतं, त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तर ऐकायच्या ऐवजी तो तिच्या कानांकडे बघत बसायचा.

"कंटाळा नाही येत गं?" मी विचारलं होतं.

"आधी यायचा," हेट्टी म्हणाली. "आता मी नीट बघते. इडा, तो झडती कशी घेतो माहीत आहे? आधी टोपी उलटी फिरवतो, मागचा भाग पुढे. म्हणजे टोपीची चोच आड यायला नको. मग माझा कोट हुंगतो. एकदा लांबून, एकदा जवळून. कुत्रंसुद्धा इतकं मन लावून हुंगत नाही. परवा पडद्यामागे लपून उभा होता, मी कुणाशी बोलते ते ऐकायला. पडद्याखालून बूट दिसत होते. मी त्या बुटांवर ओला टॉवेल वाळत घातला आणि निघून गेले."

हे सांगताना तिने पुठ्ठ्याचं खोकं टोपीसारखं डोक्यावर उलटं ठेवलं आणि माझ्या शिलाईच्या खोलीत ऑरिन होऊन दाखवला. मी हसून हसून सुई बोटात टोचून घेतली.

मग ते सिनेमात यायला लागलं. पडद्यावरची संशयी बायको आपली बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली फीत बांधायची बायकी टोपी, उलटी फिरवून कामाला लागायची. कोट लांबून हुंगायची, मग जवळून. केस दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायची. ऑगीला प्रश्न विचारून त्याचे कान धरून बसायची. लोकांना वेड लागलं. दुसऱ्या कंपन्यांच्या सिनेमांतही संशयी बायका होत्या, पण त्या नुसत्या लाटणं घेऊन धावायच्या. हेट्टी शोधायची. शोधताना तिच्या तोंडावर जी आशा दिसायची, काहीतरी सापडावंच अशी, तिला लोक हसायचे.

ऑरिनसुद्धा हसायचा. शनिवारी दुपारी तो सिनेमाघरात जाऊन बायकोचे सिनेमे बघायचा, ऑगीला मार बसला की मांडीवर थाप मारायचा आणि घरी येऊन तिचा कोट हुंगायचा.

पण एका शनिवारी त्याच्यासोबत त्याच्याच गाडीवरचा कंडक्टर डेल्मर गेला. डेल्मर रोज त्याच्याबरोबर काम करणारा. टोपी फिरवायची सवय त्याने हजारदा पाहिलेली, कारण रुळावर काही अडकलं की ऑरिन टोपी उलटी करूनच खाली वाकायचा. पडद्यावर हेट्टीने बॉनेट फिरवली, सिनेमातल्या खोलीच्या पडद्यामागे लपली, खालून बूट दिसले, आणि डेल्मर जागेवरून उठून ओरडला, "अरे ऑरिन! हा तर तू आहेस!"

आजूबाजूचे वळून बघायला लागले. तिथे निम्मे लोक ऑरिनच्याच ट्रामने येणारे. कुणीतरी म्हणालं, "खरंच की!" मुक्या सिनेमाला साथ म्हणून पियानो वाजवणारी बाईसुद्धा थांबून हसायला लागली. ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सिनेमा संपेपर्यंत खाली मान घालून बसला.

घरी काय झालं ते हेट्टीने मला नंतर सांगितलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हेट्टी बटाटे सोलत होती.

"तो मी होतो," ऑरिन म्हणाला.

"होय."

"माझी टोपी. माझे बूट. आपल्या खोलीतला पडदा."

"तुझ्यासारखं करणारा दुसरा कुणी मला माहीतच नाही, ऑरिन."

"लोक हसले मला."

"मी जे केलं त्याला हसले. तू नुसता बघायला बसला होतास."

"सोमवारपासून तिथे जायचं नाही."

"सोमवारी तर जायचंच आहे. आख्खं रीळ माझ्यावर आहे, मी आणि ऑगी."

ऑगीचं नाव यायला नको होतं. ऑरिनच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. म्हणजे घरातल्या गोष्टी ती ऑगीला सांगते. दोघं मिळून हसतात. हसतात म्हणजे जवळ बसत असणार.

सोमवारी सकाळी हेट्टी केस विंचरत असताना त्याने बाहेरून दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कामावर गेला. मागचं दार त्याने आदल्या दिवशीच 'उंदीर येतात' म्हणून खिळे ठोकून बंद केलं होतं. खिडक्या इवल्याशा. हेट्टी त्यातून जाणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

हेट्टीने दार ढकललं, ओढलं, लाथ घातली. मग ती शांत बसली आणि दाराकडे बघत राहिली. दार आत उघडणारं होतं, म्हणजे बिजागऱ्या आतल्या बाजूला. तिने कपड्यांची इस्त्री उचलली, चमच्याचा दांडा बिजागरीच्या खिळ्याखाली लावला आणि खालून ठोकायला सुरुवात केली. सगळे खिळे निघाल्यावर आख्खं दार बाजूने उचकटून हातात आलं, कुलपासकट.

इथवर कुणीही केलं असतं. तिने दार भिंतीला टेकवून ठेवून निघून जायला हरकत नव्हती. हेट्टीने बॉनेट घातली, दार पाठीवर घेतलं आणि ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. दोन गाड्या आल्या, त्या तिने जाऊ दिल्या. तिला ऑरिनची गाडी हवी होती.

त्या गाडीत मी बसलेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

ती मागच्या फळीवरून चढली. आधी दार आलं, मग हेट्टी. डेल्मर तिकिटांचा गठ्ठा हातात धरून तसाच उभा.

"मिसेस प्रूइट, हे काय?"

"दार."

"ते दिसतंय मला. पण ट्राममध्ये दार..."

"तिथे पाटी लावलीय ना तुमच्या कंपनीने? कोंबड्या आणू नयेत, थुंकू नये, दारू पिऊन चढू नये. दाराबद्दल काही लिहिलंय? वाच, वाच."

डेल्मरने खरंच पाटी वाचली. "नाही लिहिलेलं."

"मग सरक."

"पण कुणाचं आहे हे?"

हेट्टीचा आवाज मुळातच अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यात तिने तो आणखी चढवला. "पुढे दांडा धरून उभा आहे ना, त्याचं! आज सकाळी त्याने याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मी आत आहे हे बिचाऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल. म्हटलं, चला, दाखवून यावं."

सगळी गाडी वळून पुढे बघायला लागली. ऑरिनची पाठ ताठ झाली. चालत्या गाडीत त्याला दांडा सोडता येत नव्हता आणि मागे वळूनही बघता येत नव्हतं. पण त्याचे दोन्ही कान आम्हा सगळ्यांना दिसत होते, बीटासारखे लाल.

माझ्या शेजारी मांडीवर कोबीचा गड्डा घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने मला एकदा कोठारात कोंडलं होतं."

"मग हो?" हेट्टीने विचारलं.

"कोठार पेटवलं मी."

"तुमच्यावेळी बायका फार तापट होत्या," मागून एक माणूस म्हणाला.

"तुझं दार कसलं आहे रे घरचं?" म्हातारीने वळून विचारलं. त्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

स्टुडिओच्या फाटकासमोर थांबा आला. हेट्टी दार घेऊन उतरली, मी तिच्या मागे. आणि मग मागून पावलं वाजली. ऑरिन ट्राम चालवायचा पितळी दांडा काढून, तो हातात घेऊन, भरलेली गाडी रुळावर तशीच सोडून आमच्या मागे येत होता. त्याच्या मागे डेल्मर, "ऑरिन, अरे गाडी! गाडी!" म्हणत. आणि डेल्मरच्या मागे सगळे उतारू, कोबीवाल्या म्हातारीसकट.

चौथऱ्यावर स्वयंपाकघराचा देखावा लावून तयार होता. ऑगी टेबलावर बसून उकडलेलं अंडं खात होता. हेट्टीने दार मधोमध उभं केलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

"कुठे आहे तो?" ऑरिन चौथऱ्यावर चढत ओरडला.

ऑगीच्या तोंडात अख्खं अंडं. त्याने पितळी दांडा पाहिला आणि उडी मारून दारामागे गेला. ऑरिन उजवीकडून आला, तर ऑगी डावीकडे. ऑरिन डावीकडून, तर ऑगी उजवीकडे. हेट्टी मध्ये दार धरून उभी, आणि हे दोघं दाराभोवती गरगर फिरतायत. फाटकातून आत आलेले उतारू पोट धरून हसायला लागले. सुतार हसले, पोलिसांच्या वेशातले नट हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. "हँडल फिरवत राहा!" गिलफॉइल नाचत होते. "सायरस, सोडू नकोस!"

मग ऑरिन थांबला. त्याला ते हसणं ऐकू आलं असावं. त्याने आजूबाजूला पाहिलं, फाटकात त्याच्या रोजच्या गाडीतली माणसं, समोर कॅमेऱ्याचं भिंग. त्याच्या हातातला दांडा खाली पडला. तो खोट्या चुलीवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. नाटकात रडतात तसं नाही. नाक वाहत होतं, खांदे गदगदत होते.

हसणं थांबलं. नुसती कॅमेऱ्याची टिकटिक ऐकू येत होती.

"तू माझं तोंड विकलंस," ऑरिन म्हणाला.

हेट्टीने दार टेबलाला टेकवलं. "इतकी वर्षं रोज संध्याकाळी तू ते मलाच दाखवत होतास. मी ते ठेवायचं तरी कुठे?"

"मला विचारायचंस."

"तू कुलूप लावताना मला विचारलंस?"

गिलफॉइल हलक्या आवाजात म्हणाले, "सायरस, जवळ जा. चेहरा घे. चेहरा."

ते हेट्टीने ऐकलं. ती वळली आणि सरळ कॅमेऱ्यापाशी गेली. "सायरस, तो डबा उघड."

"हेट्टी, मी नोकर माणूस आहे बाई."

"मग हात मागे घे. तू केलं नाहीस, असं तरी सांगता येईल तुला."

सायरसने हात मागे घेतले, आणि मला वाटतं, खुशीने घेतले. हेट्टीने कॅमेऱ्यावरचा फितीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आतली पिवळट फीत भर उन्हात ओढून काढली. ओढतच राहिली; ऊन लागलं की त्यावरचं चित्र कायमचं जातं. फितीची वेटोळी तिच्या पायांशी पडत होती.

गिलफॉइल किंचाळले, "ती माझी फिल्म आहे!"

"फिल्म तुमची," हेट्टी म्हणाली, "माणूस माझा. त्याची नक्कल मी विकते, कारण ती मी कमावलीय. तो स्वतः विकायला नाही."

"चालती हो! पुन्हा या फाटकात पाय ठेवायचा नाही!"

"ठेवते की नाही ते पुढे बघू," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "ऊठ. दाराचं ते टोक धर."

ऑरिन उठला. दोघं दार घेऊन फाटकाबाहेर गेली, तो पुढे, ती मागे. लोकांनी वाट दिली. ट्राम कुणीतरी दुसऱ्याने नेली होती, त्यामुळे त्यांना घरापर्यंत चालतच जावं लागलं. वाटेत तो एकदाच बोलला. "आता तरी माझी नक्कल बंद करशील?"

"नाही," हेट्टी म्हणाली. "पण यापुढे आधी विचारीन."

दोघांचीही नोकरी गेली. भरली गाडी रुळावर सोडणाऱ्याला कोण ठेवणार? हेट्टीने दार परत बसवलं, कुलपाची कडी उपटून टाकली आणि हंडा चुलीवर चढवला. ऑरिन मुकाट्याने सरपण फोडायचा, पाणी आणायचा. झडती बंद झाली होती. पण बर्फवाला आला की तो सरपण फोडायचं थांबायचा, एवढं मी स्वतः पाहिलंय.

इकडे गिलफॉइलांनी हेट्टीच्या जागी तीन-चार बायका आजमावून पाहिल्या. एक सर्कशीतली पैलवान होती, तिने ऑगीचं बोट मोडलं. दुसरी हुंगायला सांगितलं की शिंकायची. सिनेमाघरवाले कुरकुर करायला लागले. शेवटी एक दिवस गिलफॉइल स्वतः हेट्टीच्या अंगणात येऊन वाफेत उभे राहिले. मी तेव्हा तिथे चादरी पिळायला मदत करत होते.

"हेट्टी, झालं गेलं सोड. ये परत."

हेट्टीने काठीने हंडा ढवळला. "येते. पण सिनेमा मी सांगेन तो. त्यात नवरा बायकोला कोंडतो, आणि ती दार घेऊन ट्राममध्ये चढते."

गिलफॉइलांचे डोळे चमकले. "वा! आणि तू ते दार घेऊन..."

"मी नाही. ऑगी बायको होईल, झगा घालून. मी नवरा."

"बाई पुरुष होणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणू देत. नाहीतर जा, ती शिंकणारी आहेच तुमच्याकडे."

ते कबूल झाले. दिल्या शब्दाप्रमाणे तिने ऑरिनला विचारलं. तो सरपणाच्या ढिगाऱ्यावर बसला होता.

"नको करूस," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, "पण मी करणार."

"विचारीन म्हणाली होतीस!"

"विचारलं ना. ऐकीन असं म्हटलं नव्हतं."

ऑरिनने त्याच दिवशी पिशवी भरली आणि फ्रेस्नोला भावाकडे मनुकांच्या कारखान्यात कामाला निघून गेला. हेट्टी अंगणाच्या फाटकापर्यंत पोचवायला गेली. परतताना तिने डोळे पुसले, मग एप्रनला नाक पुसलं आणि मला म्हणाली, "चल, मला मिशी कापून दे. काळी नको, तपकिरी. त्याला शोभायची ती."

तो सिनेमा मी माझ्या हाताने शिवला म्हटलं तरी चालेल. हेट्टीला चालकाचा गणवेश, ऑगीला ठिपक्यांचा झगा. आणि काय केलं त्या बाईने! आधी ती ऑरिनच्या सवयी घ्यायची, पण त्यात तिची चीडही असायची. या वेळी तिने त्याची भीतीही घेतली. बायको दार घेऊन गाडीत चढल्यावर चालकाच्या तोंडावर जे येतं ते बघून लोक हसत होते, आणि हसता हसता मध्येच थांबत होते. सिनेमाघरात मागच्या रांगांमधल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. एका पाद्रीसाहेबांनी रविवारी उपदेशात सांगितलं की हा सिनेमा संसाराची थट्टा करतो. पुढच्या रविवारी हेट्टी पहिल्या बाकावर जाऊन बसली, सगळ्यांत मोठी बॉनेट घालून, आणि भजनं सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणून आली. त्या विषयावर पुन्हा उपदेश झाला नाही.

ऑरिन परत आला तेव्हा टेकडीवर पिवळी फुलं आली होती. तो घरी न जाता स्टुडिओच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, तर म्हणाला, "नको. इथे मला लोक ओळखतात." हेट्टी बाहेर आली, अंगात गणवेश, तोंडावर मिशी.

"फ्रेस्नोत लागला होता तुझा सिनेमा," तो म्हणाला. "मी बघितला. पुन्हा पुन्हा बघितला."

"बरं."

"तिथे मला कुणी ओळखत नाही. शेजारी एक माणूस होता, द्राक्षांचा मळेवाला. तो सारखा बायकोला कोपराने ढोसत होता, 'बघू नकोस, घरी चल.' बायको उठेना. दुसऱ्या दिवशी दुसरा एक बसला होता, तोही तसाच. हेट्टी, तिथे माझ्यासारखे पुष्कळ आहेत."

"सगळीकडे आहेत," हेट्टी म्हणाली. "त्यांच्या बायका तिकिटं काढतात म्हणून तर माझं चाललंय."

"येऊ मी घरी?"

"ये. पण मी बदलणार नाही."

"मला जमेल का माहीत नाही," तो म्हणाला.

"जमलं नाही तर फ्रेस्नोची गाडी रोज सुटते."

तो राहिला. संशय काही गेला नाही त्याचा. पण हेट्टी आता उत्तर देत नसे, आणि उत्तर मिळत नाही म्हटल्यावर प्रश्न हळूहळू कमी झाले.

पुढे पेलिकन कंपनी बुडाली. हेट्टी आणि ऑगीने, ती नवरा आणि तो बायको, असा स्वतःचा दोघांचा खेळ बसवला आणि नेव्हाडातल्या खाणींच्या गावांतून फिरायला लागले. कपड्यांसाठी मी बरोबर असायचे, आणि सामानाच्या पेट्या उचलायला ऑरिन. तो रंगमंचाच्या कडेला पेट्यांवर बसून आख्खा खेळ रोज बघायचा, विशेषतः ऑगीचे हात कुठे आहेत ते. ऑगी म्हणायचा, "आयुष्यात मला इतका एकनिष्ठ प्रेक्षक मिळाला नव्हता."

एका गावात खाणकामगारांनी तंबू भरला होता. खेळ रंगात आला आणि एक दाढीवाला उठून ओरडला, "ए बाई, हे माकडचाळे सोड! घरी जा, नवऱ्याच्या पोटाचं बघ!"

हेट्टी थांबली. मिशी सारखी केली. "माझा नवरा तो काय, तिथे बसलाय. त्यालाच विचार ना."

सगळा तंबू कडेला बघायला लागला. ऑरिन पेटीवरून उठला. इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकदम बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचे कान लाल झाले, पण तो बसला नाही.

"माझं जेवण झालंय," तो म्हणाला. "मीच केलं होतं. तू खाली बस, मागच्यांना दिसत नाहीये."

तंबू हसण्याने हलला. हेट्टीने हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली, मग स्टूल उचललं आणि ऑगीच्या मागे धावत सुटली.